कॉम्प्युटरवर फर्मा काढायचाय? शाळेच्या हाफ शर्टापासून सुरुवात करा

मे महिना लागला की कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या होलसेल दुकानांतनं युनिफॉर्मच्या कापडाचे तागेच्या तागे हलायला लागतात, आणि इकडं राजारामपुरीपासनं मंगळवार पेठेपर्यंत ज्यांनी ज्यांनी शाळेची ऑर्डर घेतलीय त्यांची एकच घाई, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचला पाहिजे. नेमका तेव्हाच शाळेचा निरोप येतो की उंची सगळ्या साइझला एक इंच वाढवा, किंवा कॉलर जरा लहान करा. पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे ज्याच्यावरनं कापड कापतात ते नमुने, असतील तर २४ पासून ४० पर्यंतच्या नऊच्या नऊ साइझ परत काढायच्या, परत कापायच्या. कॉम्प्युटरवर फर्मा काढायचा खरा फायदा इथं आहे बघा. पहिला फर्मा काढताना कॉम्प्युटर काही वेळ वाचवत नाही, उलट जास्तच लागतो, हातात खडू आणि पट्टी असलेला मुरलेला कटिंग मास्तर कधीही पुढं असतो. पण दुसऱ्यांदा, दहाव्यांदा, पुढच्या वर्षी, म्हणजे जिथं जिथं बदल करायचा तिथं कॉम्प्युटर कामाला येतो. त्यामुळं सगळं काम असंच करायचं की एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेलं बाकीचं सगळं आपोआप बदललं पाहिजे. नुसती कागदावरची रेघ स्क्रीनवर आणली तर त्याचा उपयोग निम्मासुद्धा होत नाही.

हे लिहितोय ते पाच-दहा मशीनच्या युनिटवाल्यांसाठी, बचत गटातनं युनिफॉर्म शिवणाऱ्या ताई-वहिनींसाठी आणि ज्यांनी टेलरिंगचा कोर्स केलाय पण सॉफ्टवेअरला हात लावायला कचरतात त्यांच्यासाठी. उदाहरण हाफ शर्टाचंच घेतोय कारण त्यात मुंढा (खांद्यापासनं काखेपर्यंतची गोलाई, जिथं बाही जोडतात ती), बाही, कॉलर, पट्टी, खिसा सगळं आलं, हा एक शर्ट नीट जमला की कुर्ता, टॉप, ॲप्रन पुढं अवघड जात नाही.

सॉफ्टवेअरचं आधी बोलूया कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. मोठ्या फॅक्टऱ्यांत गर्बरचं ॲक्युमार्क, लेक्ट्राचं मोडारिस, ऑप्टिटेक्स, टुकाकॅड असली चालतात, त्यातली गर्बर ही कंपनी २०२१ मध्ये लेक्ट्रानंच विकत घेतली. ही सगळी चांगलीच आहेत पण पैसे लागतात आणि तुमचं काम अजून सुरूच झालेलं नाही तर आत्ताच तिकडं बघायची गरज नाही. सीमली-२डी आणि व्हॅलेंटिना ही दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत, ओपन सोर्स आहेत, आणि दोन्ही एकाच मुळातनं फुटलेली असल्यामुळं एक आलं की दुसरं येतंच. घरातल्या साध्या लॅपटॉपवर चालतात. महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी कुणीतरी पेन ड्राइव्हवर देतो म्हणतो, ती घेऊ नका, ऐन सीझनला फाइल उघडायची बंद झाली तर दाद कुणाकडं मागणार, आणि धंदा करायचाय तर तो सरळच केलेला बरा. मी पुढं जे सांगतोय ते सीमलीला धरून आहे पण डोकं सगळीकडं तेच लागतं.

आता लॅपटॉप उघडायच्या आधीचं काम, आणि माझ्या मते हे अर्ध्याहून जास्त महत्त्वाचं आहे. तुमचा जो मास्तर आहे त्याच्याशेजारी वही घेऊन बसा आणि तो शर्ट काढताना प्रत्येक रेघेला विचारा की मास्तर हे कुठनं आलं. बरेच मास्तर म्हणतात अंदाजानं, पण अंदाज म्हणजे हवेतला आकडा नसतो हो, त्यांच्या डोक्यात हिशोब असतोय, फक्त तो कधी बोलून दाखवलेला नसतो. गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाएवढी, शोल्डरचा उतार एवढा, पाठ पुढच्या भागापेक्षा इतकी मोठी, असं एकेक लिहून घ्या. ज्या ठिकाणी मास्तर म्हणतो की "इथं जरा नजरेनं घेतो" तिथं गोल करून ठेवा, कारण कॉम्प्युटरला नजर नाही, तिथं तुम्हालाच काहीतरी सूत्र बसवावं लागणार. मास्तरला हे वाटू देऊ नका की त्याचं काम काढून घेतोय. खरंच काढून घेत नाही आपण, फिटिंग बघायला, कुठं ओढतंय कुठं फुगतंय हे सांगायला तोच लागतो आणि पुढंही लागणार.

आकड्यांचा एक घोळ आधीच मिटवून टाका. आपल्या टेपवर आपण इंच आणि सूत वाचतो, मास्तर म्हणतो सव्वासातला एक सूत वर, आणि सॉफ्टवेअरला लागतंय दशांशात. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे १ सूत ०.१२५, दोन सूत म्हणजे पाव इंच ०.२५, तीन सूत ०.३७५, पाच सूत ०.६२५, सात सूत ०.८७५. तर सव्वासातला एक सूत वर म्हणजे ७.३७५. हा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून लॅपटॉपच्या मागं भिंतीवर चिकटवा. काहीजण म्हणतील सेंटिमीटरमध्ये काम करा, सोपं पडतं, पडतंही, पण तुमच्या कटिंग टेबलवर सगळे इंचात बोलत असतील तर फाइल इंचातच ठेवा, नाहीतर दर वेळी कुणीतरी मनात गुणाकार-भागाकार करणार आणि चूक तिथं शिरणार. सीमलीत नवीन फाइल करतानाच इंच, सेंटिमीटर का मिलिमीटर हे निवडायचं असतं, ते विचारपूर्वक निवडा, आणि अनेक साइझच्या मापांच्या फाइलला इंच मिळतात का ते तुमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी बघून घ्या.

मग मापांचा तक्ता. दोन वेगळे तक्ते करा, एक अंगाच्या मापाचा आणि एक तयार शर्टाच्या मापाचा, आणि दोन्हीतला फरक म्हणजे लूजिंग. छाती ३२ असलेल्या पोराचा युनिफॉर्मचा शर्ट तयार ३६ ते ३७ निघाला पाहिजे, पोरं खेळतात, दप्तर अडकवतात, वर्षभरात वाढतातही. हे दोन तक्ते एकमेकांत मिसळले की सगळा गोंधळ होतो, म्हणजे कुणीतरी तयार शर्टाची ३६ छाती अंगाची म्हणून टाकतो, त्यात सॉफ्टवेअर परत ४ इंच मिळवतं आणि शर्ट झोळीसारखा होतो. मापं इंटरनेटवरनं उतरवून घेऊ नका, परदेशी तक्ते आपल्या पोरांना बसत नाहीत. ऑर्डर ज्या शाळेची आहे तिथं जाऊन प्रत्येक वर्गातली थोडी थोडी पोरं मापून या, बारीकही घ्या आणि गुबगुबीतही घ्या, दोन दिवस जातील पण तो तक्ता तुम्हाला वर्षानुवर्षं पुरेल. सीमलीमध्ये मापांसाठी सीमली-मी नावाचं वेगळं ॲप असतं, त्यात एका माणसाची फाइल वेगळी आणि अनेक साइझची वेगळी, तुम्हाला अनेक साइझवाली हवी. त्यात बेस साइझ कोणती ते ठरवायचं, मधली घ्या, २४ ते ४० मध्ये ३२ येते, आणि प्रत्येक माप पुढच्या साइझला किती वाढतं ते द्यायचं. छाती २ इंचानं वाढली म्हणजे शोल्डरही २ इंचानं वाढत नाही, अर्ध्या इंचाच्या आसपास वाढतं, उंची मात्र लहान मुलांत झपाट्यानं वाढते. तुम्ही स्वतः घातलेल्या मापाच्या नावाच्या आधी @ येतं आणि सूत्रात वापरायच्या तुमच्या आकड्यांच्या नावाच्या आधी #. लूजिंग, पट्टीची रुंदी, कॉलरची उंची, खालची घडी हे सगळे # वाले आकडे करून ठेवा. शाळेनं कॉलर लहान करा म्हटलं की एका ठिकाणी जाऊन आकडा बदलायचा, बास.

आता रेघा. सीमलीत बिंदूवरनं बिंदू काढत जायचं, एक पहिला बिंदू, त्याच्यापासून अमुक अंतरावर अमुक कोनात दुसरा, असं. इथं नियम एकच, अंतराच्या खान्यात कधीही नुसता आकडा टाकायचा नाही, सूत्र टाकायचं. तुमच्या समोर ३२ साइझ आहे आणि पाठीची रुंदी १४ येतीय म्हणून १४ टाइप केलंत तर २४ ला पण १४ च राहणार आणि ४० ला पण. दिसायला छान दिसतं, साइझ बदलून बघितली की कळतं.

पण सूत्र टाकलं म्हणजे झालं असंही नाही, आणि ही गोष्ट मला जरा तपशिलात सांगायचीय कारण बहुतेक ठिकाणी फर्मा इथंच बिघडतो. मुंढ्याची खोली काढायला आपल्याकडं बरेचजण छातीचा चौथा भाग घेतात. ३६ छातीला ९ इंच, एकदम बरोबर. पण तेच सूत्र २४ ला ६ इंच देतं आणि लहान पोराला काखेत घट्ट होतं, हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो. आणि ४८ ला १२ इंच देतं, म्हणजे मुंढा खाली लोंबायला लागतो. सूत्र चुकीचं नाहीये, ते मधल्या साइझला बसवलेलं आहे आणि दुकानात एकेक माप घेऊन शिवताना मास्तर लहान-मोठ्याला नजरेनं सावरून घेतो. कॉम्प्युटर सावरत नाही, सांगितलं तेवढंच करतो. त्याऐवजी छातीचा सहावा भाग अधिक ३ इंच करून बघा, ३६ ला ९ च येतात, पण २४ ला ७ आणि ४८ ला ११. मधली साइझ जागेवर आणि दोन्ही टोकं माणसात. हेच सूत्र घ्या असं माझं म्हणणं नाही, तुमच्या मास्तरचं जे असेल ते घ्या, पण प्रत्येक सूत्र सगळ्यात लहान, मधली आणि सगळ्यात मोठी अशा तीन साइझला हातानं करून बघा आणि मगच फाइलमध्ये टाका. भागाकारातला हिस्सा जितका मोठा तितकं टोकाच्या साइझला सूत्र भरकटतं, म्हणून चौथ्या भागापेक्षा सहावा, आठवा भाग आणि वर ठरलेला आकडा, हे बऱ्याचदा चांगलं बसतं.

आता बाही. मुंढ्याला बाही बसते का नाही हे शिवताना कळण्यापेक्षा स्क्रीनवर कळलं तर किती कापड आणि किती मनस्ताप वाचेल. सीमलीत प्रत्येक वळणाची लांबी सॉफ्टवेअर स्वतः मोजून ठेवतं आणि ती लांबी दुसऱ्या सूत्रात वापरता येते, ही सगळ्यात भारी सोय आहे आणि बरेचजण वापरतच नाहीत. समजा पुढचा मुंढा ८.७५ आला आणि मागचा ९.२५, एकूण १८ इंच. ही लांबी शिलाईच्या रेघेवर मोजायची, कापायच्या कडेवर नाही, कारण मार्जिन, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडलेलं कापड, धरून मोजलं की मुंढ्याचं माप वेगळं येतं आणि बाहीच्या कॅपचं, म्हणजे मुंढ्याला जोडायच्या वरच्या गोल भागाचं, वेगळं. कॉटनच्या किंवा टेरिकॉटनच्या हाफ शर्टाला बाहीची कॅप मुंढ्यापेक्षा पाव ते अर्धा इंच जास्त पुरते, म्हणजे १८.२५ ते १८.५. कॅप १९.२५ निघाली तर सव्वा इंच जास्तीचं कापड कारागीर कुठं जिरवणार, चुण्या पडणारच, आणि टेरिकॉटन तर अजिबात जिरवून घेत नाही.

काढायची पद्धत अशी. कॅप हाइटचा, म्हणजे दंडाच्या आडव्या रेघेपासनं कॅप जेवढी उंच तिथला, बिंदू घ्या, मुंढ्याच्या एकूण लांबीचा पाचवा ते सहावा भाग, १८ ला ३ ते साडेतीन इंच. शाळेच्या शर्टाला मी कमी हाइट पसंत करतो कारण कॅप जितकी बसकी तितका हात मोकळा वर जातो, काखेत थोडी चुणी दिसते पण पोरांना काय स्टेजवर फॅशन शो करायचा नाही, त्यांना खेळायचंय. त्या वरच्या बिंदूपासून पुढच्या मुंढ्याच्या लांबीतनं पाव इंच वजा करून जेवढं येईल तेवढ्या त्रिज्येचा गोल घ्या, तो दंडाच्या आडव्या रेघेला जिथं छेदेल तो बाहीचा पुढचा कोपरा, मागच्या बाजूला मागच्या मुंढ्याची लांबी घेऊन तसंच. मग कॅपचं वळण काढा आणि त्याची लांबी बघा. जास्त आली तर वजा केलेला तो पाव इंच एक-दोन सूत वाढवा, कमी आली तर कमी करा. आता गंमत बघा, मुंढा बदलला की बाही स्वतःहून बदलते. साइझ २४ करा, ४० करा, बाही मागोमाग येते. तिन्ही साइझला फरक पाव ते अर्ध्या इंचात राहतो का ते वहीत लिहून ठेवा.

कॉलरचंही तसंच, कॉलर पट्टीची लांबी गळ्याच्या वळणावरनं सूत्रानं घ्यायची आणि पुढच्या बटणपट्टीची रुंदी त्यात धरायची. खिसा मात्र प्रत्येक साइझला वेगळा करू नका, दोन किंवा तीन मापांत भागवा, शिवणाऱ्याचं आणि बॅच बनवणाऱ्याचं काम हलकं होतं.

रेघा झाल्या की त्यातनं सुटे भाग करायचे, पुढचा, मागचा, पुट्टा (पाठीचा खांद्यालगतचा वरचा तुकडा), बाही, कॉलर, खिसा. प्रत्येक भागावर काय लिहिलेलं पाहिजे ते सांगतो, शर्टाचा नंबर, साइझ, भागाचं नाव, किती कापायचे, अस्तर किंवा बकरम (कॉलर कडक ठेवणारं कापड) लागतं का, आणि उभ्या धाग्याचा बाण. बाण विसरला तर मार्कर लावणारा, म्हणजे कापडावर भाग मांडणारा, कापड वाचवायला बाही आडवी टाकून मोकळा होतो. मार्जिन सगळीकडं सरसकट अर्धा इंच देऊ नका. बाजूला अर्धा, गळ्याला आणि कॉलरला पाव, मुंढ्याला तीन सूत, खालच्या घडीला पाऊण ते एक. गळ्याला अर्धा इंच दिला की कारागिराला शिवून झाल्यावर छाटत बसावं लागतं आणि छाटताना दोन शर्ट सारखे होत नाहीत. युनिफॉर्मला आई-वडील मार्जिन सोडा म्हणतात, वाढतं अंग असतंय, त्यांचं चुकीचं नाही, तर फक्त बाजूच्या शिलाईला जास्त सोडा, आणि ते पण # वाला आकडा करून म्हणजे रेडिमेडला तोच फर्मा मार्जिन कमी करून वापरता येतो.

बाहीच्या खालच्या घडीचा एक कोपरा असतो तिकडं लक्ष द्या. हाफ बाही खाली निमुळती होत जाते, मोहरीला, म्हणजे खालच्या तोंडाला, अरुंद. घडीचं मार्जिन तसंच सरळ खाली निमुळतं नेलं तर घडी वर दुमडल्यावर ती बाहीच्या रुंदीला पुरत नाही, दोन्ही टोकांना ओढ लागते, शिवणारी बाई ताणून शिवते आणि मोहरी वाकडी होते. घडीच्या रेघेपासनं कोपरा उलट्या बाजूला फाकवायचा, आरशात दिसतो तसा, म्हणजे दुमडल्यावर तंतोतंत बसतो. सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्याचा प्रकार निवडता येतो, मार्जिन देताना प्रत्येक कोपऱ्याला काय लावायचं ते ठरवा. आणि खाचा, पुढच्या मुंढ्याला एक, मागच्याला दोन, बाहीला पण तशाच, म्हणजे पुढची बाही मागं लागत नाही. खाच मार्जिनच्या निम्म्यापेक्षा खोल नको.

यानंतर कापड किती आकसतंय ते. उद्यमनगरात फौंड्रीसाठी पॅटर्न करणारे लोक ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न तेवढा मोठा घेतात, आपल्याला कापडाचं तेच करायचंय. तागा आला की एक मीटरभर तुकडा काढा, त्यावर न पुसणाऱ्या पेननं ५० सेंटिमीटर बाय ५० चा चौकोन आखा, घरी जसं धुतात तसं धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मोजा. उभ्या धाग्यात ४८.५ भरलं तर ३ टक्के आकसलं. आता २८ इंच उंची हवी तर नुसते ३ टक्के मिळवायचे नाहीत, २८ ला ०.९७ नं भागायचं, २८.८७ येतं. ३ टक्क्यांना दोन्ही हिशोबांत फरक बारीकच पडतो, पण कापड ८ टक्के आकसणारं निघालं तर तोच फरक वाढतो, म्हणून भागायचीच सवय लावा. उभं आणि आडवं वेगळं मोजा, बहुतेक कापडं दोन्हीकडं सारखी आकसत नाहीत. इचलकरंजीचं कॉटन घेताना प्रोसेसिंग कसलं झालंय ते विचारा, पण सांगितलं तरी तुकडा धुऊन बघाच.

सगळं झालं की नऊच्या नऊ साइझ एकावर एक ठेवून बघा. रेघा एका लयीत फाकत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. कुठं दोन साइझच्या रेघा एकमेकींना चिकटल्या किंवा छेदून गेल्या तर तिथं सूत्रात किंवा तक्त्यात गडबड आहे, शोधूनच पुढं जा. मग सगळ्यात लहान, मधला आणि सगळ्यात मोठा असे तीन सॅम्पल साध्या कापडात शिवून खऱ्या पोरांच्या अंगात घाला. फक्त मधला शिवून भागवू नका.

छपाई. घरच्या प्रिंटरवर ए-४ कागद जोडून करता येतं, सॉफ्टवेअर स्वतः पानं पाडून देतं, पण धंद्यासाठी ते बरोबर नाही, प्रत्येक जोडाला अर्धा सूत इकडं-तिकडं होतं. आर्किटेक्ट लोक बिल्डिंगचे प्लॅन जिथं छापून घेतात त्या प्लॉटरवाल्याकडं पीडीएफ घेऊन जा, ३६ इंची रोलवर एकसंध निघतं. छापताना ॲक्चुअल साइझ, १०० टक्के, हे उभं राहून बघा, फिट टू पेज चुकून राहिलं की सगळं वाया. तपासायला लोक ४ इंचाचा चौकोन छापतात, तो असू दे, पण सोबत २० इंचाची एक उभी आणि एक आडवी रेघ पण टाका. १ टक्क्याची चूक ४ इंचात ०.०४ इंच, डोळ्याला दिसणारच नाही, २० इंचात ती ०.२ होते म्हणजे दीड सुताहून जास्त, स्टीलच्या पट्टीवर लगेच कळतं. कापडी टेपनं तपासू नका, जुनी टेप ताणलेली असते. आणि आपल्याकडचा पावसाळा माहितीच आहे, जून-जुलैमध्ये कागद-पुठ्ठा दमट हवेनं फुगतो, वाकतो, तर छापलेले फर्मे टांगून ठेवा आणि सीझन लांबला तर ती २० इंची रेघ परत मोजा.

शेवटी मार्कर, म्हणजे कापडावर सगळे भाग कसे बसवायचे. पैसा इथं वाचतो. उदाहरणादाखल, एका शर्टाला सरासरी १.१५ मीटरऐवजी १.१० लागलं तर ३०० शर्टांत १५ मीटर कापड वाचलं, त्या पैशात काज-बटणाची मजुरी निघंल. एकाच साइझचा मार्कर लावू नका, मोठ्या साइझच्या मधल्या जागेत लहान साइझचे कॉलर, खिसे बसतात. समजा ऑर्डर २८ साइझचे ५०, ३० चे १००, ३२ चे १०० आणि ३४ चे ५० अशी आहे, तर एका मार्करमध्ये २८ चा एक, ३० चे दोन, ३२ चे दोन आणि ३४ चा एक असे सहा शर्ट बसवा आणि ५० थर घाला, एका कटिंगमध्ये ऑर्डर पूर्ण. तागा ५८ पन्ह्याचा म्हणून लिहिलेला असला तरी दोन्ही काठ सोडून उरतात तेवढेच इंच धरा, आणि प्रत्येक तागा सुरुवातीला, मध्ये, शेवटी असा तीनदा मोजा. सगळ्यात अरुंद जे निघेल त्यावर मार्कर लावा, नाहीतर काठाकडच्या बाह्या तुटक्या निघतात. चेक्सचं कापड असलं तर सगळे भाग एकाच दिशेनं लावायचे आणि खिसा वेगळा कापून चेक्स जुळवायचे, कापड जास्त जाणार हे शाळेला आधीच सांगून दर धरा.

सीमलीतली लेआउटची सोय छपाईपुरती ठीक आहे, मोठ्या मार्करला ती तोकडी पडते. सुरुवातीला मार्कर बाहेरून करून घ्या, पॅटर्न (फर्मा), ग्रेडिंग (एका साइझवरनं बाकीच्या साइझ काढणं) आणि मार्करचं काम करून देणारे लोक असतात, त्यांना तुमची फाइल डीएक्सएफमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइलच्या प्रकारात, द्यायची, गारमेंटसाठी त्याचे आमा आणि एएसटीएम असे प्रकार असतात, समोरच्याला कोणता चालतो ते विचारा. दिल्यावर पहिली गोष्ट म्हणजे एक माप फोनवर ताडून घ्या, मिलिमीटरची फाइल इंचात उघडली तर २५.४ पटीचा फरक पडतो, तो दिसतो तरी, पण मार्जिन दोनदा लागलेलं दिसत नाही, म्हणून मार्जिन धरून फाइल आहे का सोडून आहे हे लिहूनच द्या. त्यांच्याकडनं परत घेताना डीएक्सएफसोबतची रूल फाइल मागा, ग्रेडिंग त्यात असतं, ती नसली तर तुमच्या हातात फक्त बेस साइझ राहते. प्लॉटरसाठीची पीएलटी फाइल नुसती छापायला उपयोगाची, त्यात पुढं बदल करता येत नाही.

जर्सीचं कुणीतरी विचारणारच, कोल्हापुरात फुटबॉल म्हटल्यावर पेठापेठांत ऑर्डरी असतात. जर्सीचं कापड निटेड, ताणणारं, तिथं शर्टाचा फर्मा लूजिंग कमी करून चालवायचा नाही, वेगळाच काढा, कॅपला जास्तीचं काही नको, मुंढ्याएवढीच. आणि सब्लिमेशन प्रिंट, म्हणजे गरम प्रेसनं कापडात रंग उतरवायची छपाई, असेल तर भाग आधी छापून मग कापतात, त्यामुळं डिझाइन कापायच्या रेघेच्या बाहेर अर्धा इंच तरी गेलेलं पाहिजे, कारण गरम प्रेसमध्ये कापड थोडं आकसतं आणि कडेला पांढरी किनार दिसायला लागते.

फाइलला नाव देताना शाळा, शर्ट, वर्ष, कितवा बदल हे टाका, फायनल, फायनल-२, खरंच फायनल असली नावं देऊ नका. एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक मेलवर. पहिली बॅच शिवून झाली की शिवणाऱ्यांना विचारा कुठं अडलं, कुठली खाच जुळली नाही, कुठं मार्जिन कमी पडलं, आणि ते त्याच दिवशी फाइलमध्ये घाला, सूत्रात घाला, नुसत्या पुठ्ठ्यावर पेनानं खूण करून ठेवू नका. पुढच्या मे महिन्यात ऑर्डर येईल तेव्हा पुठ्ठा कुठं गेला ते कुणाला सापडत नाही, फाइल सापडते.